शिराळ्यातील एक दिवस व एक उभयान्वयी अव्यय

बत्तीस शिराळा हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फणा काढलेला नाग उभा राहतो. आम्हांसही या गावाची ओळख लहानपणापासून तेवढीच होती. आमचे उभे आयुष्य कऱ्हाडच्या आसमंतात मास्तरकी करण्यात गेले. तेथून शिराळा काही फार दूर नव्हे. तरी साठी उलटल्यावरच तेथे जाण्याचा योग आला. तो योगही नागांमुळे आला नाही, तर एका उभयान्वयी अव्ययामुळे आला. वाचकांस हे चमत्कारिक वाटेल, म्हणून हकीकत आरंभापासून सांगतो.

आमचे धाकटे चिरंजीव काही वर्षांपासून नोकरीनिमित्त रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे सहकुटुंब राहतात. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा आहे. घरी मराठी, मित्रांत इंग्रजी आणि शाळेत रुमानियन अशा तीन डगरींवर त्याचे पाय आहेत. तिकडची उन्हाळ्याची सुटी म्हणजे आपला ऐन पावसाळा. २०२५ च्या सुटीत तो आमच्याकडे राहावयास आला, तो शाळेचे काम बरोबर घेऊनच. आपल्या वाडवडिलांच्या प्रांतातील एखाद्या गावाविषयी निबंध लिहावयाचा, आणि तो रुमानियन भाषेत. मुलाने विषय निवडला शिराळ्याचा, कारण नागांची गोष्ट वर्गात कोणाजवळ नसणार! त्याने आधी इंग्रजीत कच्चा मसुदा केला व आम्हांस वाचावयास दिला.

त्या एका पानात 'बट' हा शब्द अकरा वेळा आला होता. जुनी खोड जाईना. आम्ही तांबडी पेन्सील घेऊन प्रत्येकाखाली रेघ ओढली. तो म्हणाला, "आजोबा, इंग्रजीत हा एकच चालतो. रुमानियनमध्ये तीन आहेत, आणि कुठला कुठे घालायचा ते मला कळत नाही. मराठीत किती आहेत?"

आम्ही जन्मभर व्याकरण शिकविलेले. उत्तर तोंडपाठच होते. "पण, परंतु, परी, किंतु. यांस न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात."

"न्यूनत्व म्हणजे?"

"कमीपणा."

"म्हणजे 'पण' म्हटलं की पुढे काहीतरी कमी असतं?"

या प्रश्नास आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. इतकी वर्षे शेकडो मुलांनी ती संज्ञा घोकली. तिचा अर्थ कोणी विचारला नाही, आणि आम्हीही सांगितला नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. एवढी सामग्री घरात असताना बारा वर्षांच्या पोराने आम्हांस अडविले! शेवटी आम्ही ठरविले की, ज्या गावाविषयी लिहावयाचे ते आधी पाहावे, आणि 'बट'चे काय करावयाचे ते तेथेच ठरवावे. आमचे एक जुने विद्यार्थी शिराळ्यास असतात. त्यांस कळविताच "नक्की या" असा निरोप आला.

नागपंचमी होऊन आठवडा लोटला होता. सौभाग्यवतींनी दशम्या व शेंगांची चटणी बांधून दिली, आणि आम्ही आजा-नातू सकाळच्या एस्टीने निघालो. पेठ नाक्याशी पुण्या-बंगळूरचा हमरस्ता सोडून गाडी पश्चिमेस वळली. आरंभी दोहों बाजूंस ऊस लागतो. जसजसे पुढे जावे तसतसा उसाचा जोर ओसरून डोंगर जवळ येऊ लागतात आणि भाताची हिरवी खाचरे दिसू लागतात. तालुक्याच्या दक्षिणेस वारणा, तिला मिळणारी मोरणा, आणि या मोरणेच्या काठी शिराळा. पश्चिमेस वारणेवर चांदोलीचे धरण व त्यामागे सह्याद्रीचे दाट रान. पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. 'बत्तीस' हे उपपद मात्र नागांच्या संख्येवरून आलेले नाही. बत्तीस गावांचे हे ठाणे, म्हणून बत्तीस शिराळा, असे सांगतात.

आमचे शिष्य स्थानकावर न्यावयास आले होते. आता पन्नाशीचे गृहस्थ. शेती करतात, आणि कोणाच्या घरात साप निघाला की बोलावणे यांनाच येते. साप अलगद धरून रानात नेऊन सोडणे हे काम ते विनामूल्य करतात. घरी गेल्यावर त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला व विचारले, "व्हय रं बाळा, मराठी येतं का तुला?"

तो म्हणाला, "येतं, पण थोडं."

म्हातारी हसली. आम्हांस मात्र त्या 'पण'मधील न्यूनत्व प्रथमच टोचले.

चहा घेऊन आम्ही गोरक्षनाथांच्या मंदिराकडे गेलो. पावसाची भुरभुर चालू होती. शिष्यांनी मुलास तेथली कथा सांगितली. नागपंचमीच्या दिवशी गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेस आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती, त्यामुळे भिक्षा वाढावयास उशीर झाला. नाथांनी विचारले, "जिवंत नागाची पूजा करशील काय?" ती 'होय' म्हणाली, आणि मातीचा नाग सजीव झाला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पूजण्याची चाल पडली, अशी श्रद्धा आहे. पंचमीच्या आधी तरुण मंडळी शेताबांधांवरून नाग धरीत, मडक्यांत जपून ठेवीत, पंचमीस अंबामातेच्या दर्शनास वाजतगाजत नेत, आणि मागाहून जेथला नाग तेथे सोडून देत.

मुलाने वही काढली. एका ओसरीवर बसून आम्ही त्याचे तीन रुमानियन शब्द ऐकले. ते आहेत 'दार', 'यार' आणि 'ची'. आमच्या कानांस तिन्ही घरचेच वाटले. पण अर्थ निराळे. आम्ही म्हणालो, "येथे जे पाहिलेस त्यावरून तीन वाक्ये कर, म्हणजे भेद सापडेल." बऱ्याच खटपटीनंतर ही वाक्ये तयार झाली.

पहिले: 'येथे नाग पुष्कळ आहेत, पण लोक त्यांस भीत नाहीत.' येथे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीवरून मनात जी अपेक्षा उत्पन्न होते ती दुसरी मोडते. येथे रुमानियन मनुष्य 'दार' म्हणतो.

दुसरे: 'पूर्वेस ऊस होतो, तर पश्चिमेस भात.' येथेही दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांच्यात भांडण मात्र नाही. दोन शेजारी आपापल्या अंगणात उभे असावेत तशा त्या उभ्या आहेत. येथे 'यार' हवा.

तिसरे: 'शिराळकर नागास मारीत नाहीत, तर पूजितात.' येथे पहिली गोष्ट नाकारली आहे व तिच्या जागी दुसरी बसविली आहे. येथे 'दार' चालत नाही, 'यार' चालत नाही, 'ची'च पाहिजे.

इंग्रज या तिन्ही ठिकाणी 'बट' म्हणून मोकळा होऊ शकतो. जर्मन मनुष्य पहिल्यास 'आबर' व तिसऱ्यास 'झोन्डर्न' म्हणतो, स्पॅनिश मनुष्य 'पेरो' व 'सीनो'. आपल्या मराठीत पहिल्यास 'पण', दुसऱ्यास 'तर' आणि तिसऱ्यास 'नव्हे तर' किंवा 'नसून'. संस्कृतातही नकारानंतर 'अपि तु' येते, ते तिसऱ्या जातीचे. तेव्हा 'बट'चे भाषांतर काय, हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारावयाचे ते हे: मागची गोष्ट उभी ठेवावयाची आहे की खोडावयाची आहे? उभी ठेवावयाची असल्यास पुढची तिच्याशी झगडते, की नुसती शेजारी बसते? याचे उत्तर कोशात मिळत नाही; ते वाक्यातील वस्तुस्थितीत असते. 'ऑन दि अदर हँड' याचे 'दुसऱ्या हातावर' असे भाषांतर करणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांनी शब्द पाहिले, वस्तू पाहिली नाही. रुमानियन लोकही तेथे हात म्हणत नाहीत. आपल्यासारखेच 'दुसऱ्या बाजूने' म्हणतात.

मुलाने त्याच्या पाठ्यपुस्तकातील एक नाव सांगितले, तेव्हा आम्हांस आणखी एक मौज आठवली. मिहाइ एमिनेस्कु हा रुमानियाचा राष्ट्रकवी, १८८९ साली वारला. फ्रांत्स बोप या जर्मन पंडिताचे संस्कृत व्याकरण आपल्या भाषेत आणण्याचे काम त्याने हाती घेतले होते. डॅन्यूबच्या खोऱ्यात बसून आपल्या धातूंची रूपे लिहिणारा तो कवी मनात आला, आणि नातवाची शाळा एकाएकी जवळ आल्यासारखी वाटली.

इतक्यात मुलाने चौथे वाक्य लिहिले: 'लोक नागाची पूजा करतात, पण नाग पकडत नाहीत.' ते ऐकून आमचे शिष्य गप्प झाले. मग म्हणाले, "गुरुजी, ह्यो 'पण' लई जड हाय."

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राण्याची शिकार वर्ज्य केली आहे, आणि त्या अधिनियमात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे हीसुद्धा शिकारच. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश झाल्यावर जिवंत नागांचा उत्सव थांबला, व पूजा पुन्हा प्रतिमांच्या नागाकडे वळली. म्हणजे नाथांची कथा जेथून सुरू होते तेथेच गाव परत आले. २०२२ च्या दुरुस्तीने नागास अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात घातले. मग २०२५ च्या नागपंचमीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ जणांस, लोकशिक्षण व परंपरागत ज्ञान यांसाठी, नाग पकडण्याची मर्यादित मुभा दिली. खेळ व स्पर्धा यांस मात्र मनाई कायम राहिली. आमचे शिष्य त्या २१ जणांत नव्हते.

वाचकांत वकील मंडळी असतील, त्यांस ठाऊकच आहे की कायद्याचा सारा डोलारा अशाच अव्ययांवर उभा असतो. या अधिनियमाचे नववे कलम शिकार बंद करते. बारावे कलम 'अन्यत्र काहीही असले तरी' अशा धाटणीने आरंभ करून शिक्षण, संशोधन इत्यादी कारणांसाठी परवाना देण्याची वाट उघडते. आणि त्याच कलमास जोडलेले बंधन म्हणते की, पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल तर केंद्र सरकारच्या पूर्वानुमतीवाचून तो परवाना देता येणार नाही. अशा बंधनास आपल्या कायद्याच्या मराठीत 'परंतुक' हे सुंदर नाव आहे. एक 'तरी' दार उघडते, एक 'परंतु' ते अर्धे लोटते. आणि त्या अर्ध्या उघड्या दारात बत्तीस गावांची श्रद्धा उभी आहे.

आम्ही विचारले, "तुझे स्वतःचे मत काय?"

ते म्हणाले, "माझ्या बापानं नाग धरला, मीबी धरला. पंचमीला मडकं रिकामं बघितलं की पोटात कालवतं. पण मडक्यात दिवस काढल्यावर नाग कसा मरगळतो, तेबी मी बघितलंय. दोन्ही खरं हाय, गुरुजी. एक खोडून दुसरं लिवता येत न्हाई."

म्हणजे 'ची' नव्हे, 'दार'. मुलाने मान डोलविली व चौथ्या वाक्यात 'दार' हा शब्द घातला. आम्ही मात्र त्या ओसरीवर अस्वस्थ झालो, कारण दोन गोष्टी एकदम खऱ्या धरण्याच्या याच गृहस्थाच्या सवयीबद्दल आम्ही एकदा त्यास शिक्षा केली होती.

ती गोष्ट सातवीच्या वर्गातली. 'जरी तो गरीब आहे तरी तो प्रामाणिक आहे' या वाक्याचे इंग्रजी करावयाचे होते. या मुलाने आरंभी 'ऑल्दो' लिहिले आणि मध्ये 'बट'ही लिहिले. इंग्रजीत 'ऑल्दो' घातल्यावर 'बट' घालीत नाहीत, हे आम्ही आदल्या दिवशी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी तीच चूक. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. आम्ही पाच छड्या दिल्या आणि वर्गासमोर म्हणालो, "तुझ्या डोक्यात भाषा शिरावयाची नाही." दुसऱ्या वर्षी त्याने शाळा सोडली. घरची अडचण होती असे नंतर कळले. आमच्या छड्यांचा त्यात किती वाटा होता, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नाही.

ती आठवण मनात होती म्हणूनच आम्ही मुलास सहज विचारले, "तुमच्या रुमानियनमध्ये 'जरी'ला काय म्हणतात?"

"देशी," तो म्हणाला.

"आणि 'तरी'ला?"

"तोतुश."

"एका वाक्यात दोन्ही चालतात?"

"हो. एक आधी, एक मध्ये. बाई म्हणतात, दोन्ही घातले की चांगलं वाटतं."

आम्ही काही वेळ बोललो नाही. 'यद्यपि' आले की 'तथापि' येणार, हे आम्ही आठव्या वर्षी वडिलांपाशी शिकलो होतो. संस्कृतात जोडी, मराठीत जोडी, आणि दूर डॅन्यूबकाठीही जोडी. त्या मुलाने 'ऑल्दो'पाठोपाठ 'बट' लिहिले ते डोके नव्हते म्हणून नव्हे, तर आईच्या तोंडची जोडी त्याने मोडली नाही म्हणून. इंग्रजीची रीत निराळी आहे, एवढे सांगून जोडी कोठून आली ते समजावले असते तर पुरे झाले असते. चुकीचे मूळ आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही छडी उचलली.

आम्ही हे सारे त्या गृहस्थास सांगितले आणि म्हणालो, "त्या दिवशी चूक तुझी लहान होती, आमची मोठी होती. इतक्या वर्षांनी सांगतो आहोत, याची लाज वाटते."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "छडीचं काय न्हाई, गुरुजी. त्या वक्ताला समदेच मारायचे. ते बोलणं मातूर ध्येनात ऱ्हायलं होतं." थोडे थांबून पुढे म्हणाले, "आज गेलं म्हणायचं."

खरोखर गेले की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. ते उठले आणि त्यांनी मुलाच्या डोक्यावर छत्री धरली.

दुपारी समर्थांच्या मारुतीचे दर्शन घेतले. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक, स्थापना शके १५७६ ची, म्हणजे इसवी सन १६५४. मूर्ती सुमारे सात फूट उंच व भव्य आहे. मस्तकाच्या दोन्ही अंगांस झरोके ठेविले आहेत, त्यांतून उगवतीचा व मावळतीचा प्रकाश मुखावर पडतो. श्रावणी ढगांमुळे आम्हांस तो कवडसा पाहावयास मिळाला नाही. मुलाने वहीत लिहिले, 'ऊन नव्हते, तरी मारुती छान दिसला.' यात जोडीतला 'जरी' नव्हता, परंतु आम्ही तांबडी पेन्सील काढली नाही.

निघतेवेळी मातोश्रींनी पिशवीत मक्याची कोवळी कणसे घातली. मुलास जवळ घेऊन म्हणाल्या, "पुन्यांदा येशील नव्हं? का तवर आमची बोली इसरशील?"

मुलगा क्षणभर थांबला. वाक्य मनात जुळवीत असावा. मग म्हणाला, "आजी, थोडं येतं, पण येतं."

शब्द सकाळचेच होते. केवळ क्रम फिरला होता. व्याकरणकारांनी 'पण' यास न्यूनत्वबोधक म्हटले ते खोटे नाही. परंतु न्यून मागे टाकून पुढे काय ठेवावयाचे, हे बोलणाऱ्याच्या हाती असते. परतीच्या गाडीत मुलगा आमच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेला. पेठ येईपर्यंत आम्ही त्यास उठविले नाही.